घरात काढलेले फोटो हलतात. छोट्या डिजिटल कॅमेऱ्यावर उपाय काय?

वाड्यातली लेक

नमस्कार मंडळी. आमचे घर नागपुरात महाल भागात आहे. जुन्या वाड्याचा वाटणीत उरलेला भाग असल्यामुळे भिंती दीड हात जाड आहेत, माजघराला एकच खिडकी आहे आणि तीसुद्धा अरुंद गल्लीकडे उघडते. उन्हाळ्यात घर गार राहते खरे, परंतु भर दुपारीही दिवा लावल्याशिवाय पोथीचे अक्षर दिसत नाही. येत्या वैशाखात याच माजघरात आईचे सहस्रचंद्रदर्शन करायचे ठरले आहे. मंगल कार्यालय घ्यावे असे भावांचे म्हणणे होते, पण ज्या घरात लग्न होऊन आले त्याच घरात औक्षण व्हावे असा आईचा हट्ट आहे, आणि तिच्या ८१ व्या वर्षी तो मोडण्याची आमच्यापैकी कोणाची छाती नाही.

अडचण फोटोंची आहे. माझ्याजवळ खिशात मावणारा, १२ मेगापिक्सेलचा आणि पाच पट झूमचा डिजिटल कॅमेरा आहे. फुटाळ्याच्या काठावर किंवा रामटेकच्या गडावर काढलेले त्याचे फोटो पाहून लोक कॅमेरा कोणता म्हणून विचारतात. तोच कॅमेरा घरात आला की रुसतो. गेल्या भाद्रपदात महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी मी साठ-सत्तर फोटो काढले, त्यांतले धड म्हणावेत असे सात-आठच निघाले. एखाद्यात आईचा चेहरा ओल्या बोटाने पुसल्यासारखा, तर एखाद्यात भावाच्या हातातल्या निरांजनाच्या जागी नुसती पिवळी रेघोटी. सगळे फोटो ऑटोवर ठेवूनच काढले होते. एका दुकानात दाखवले, तर तिथल्या माणसाने पडद्याकडे नीट न पाहताच मोठा कॅमेरा घेण्याचा सल्ला दिला. तेवढे पैसे आत्ता खर्च करायचे नाहीत, आणि आईला घरच्या कार्यात परका फोटोग्राफर नको आहे. बाहेर चांगला चालणारा कॅमेरा आत का बिघडतो, आणि महिनाभरात मला त्यावर काय करता येईल, हे कोणी समजावून सांगेल का?

धरमपेठकर

ताई, मोठ्या कॅमेऱ्याचे नंतर पाहू. फोटो बिघडला की आपण सरसकट "हलला" म्हणतो, पण तो प्रत्येक वेळी हललेलाच असतो असे नाही, आणि कशाने बिघडला हे कळल्याशिवाय सांगितलेला उपाय म्हणजे अंधारात मारलेला दगड. म्हणून आधी तुम्हालाच थोडे काम सांगतो.

त्या सत्तरांतले वेगवेगळ्या तऱ्हेने बिघडलेले तीन फोटो निवडा. कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो उघडून माहिती दाखवणारे बटण एक-दोनदा दाबले की कडेला काही आकडे उमटतात. १/३० सारखा अपूर्णांक दिसेल, तो शटर सेकंदाचा कितवा भाग उघडे होते हे सांगतो. एफच्या पुढचा आकडा भिंगाच्या छिद्राचा असतो, आणि तो जितका मोठा तितके छिद्र लहान, म्हणजे आत येणारा प्रकाश कमी. तिसरा आकडा आयएसओचा. सेन्सरकडून, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पट्टीकडून, आलेला संकेत किती वाढवून घेतला, हे त्यावरून कळते. हे तिन्ही लिहून काढा. मग फोटो शक्य तितका मोठा करून त्यातल्या न हलणाऱ्या वस्तू पाहा: समई, चौकट, पडदा, भिंतीवरचे घड्याळ. त्या स्पष्ट आहेत की पुसट, आणि पुसट असल्या तर कोणत्या दिशेने ओढल्यासारख्या दिसतात, हेही कळवा.

वाड्यातली लेक

सांगितल्याप्रमाणे काल रात्री बसून पाहिले.

पहिला फोटो मी देवघराच्या दारातून झूम करून काढलेला आहे. आई महालक्ष्म्यांपुढे पुरणाचे दिवे मांडते आहे. आकडे १/८, एफ ५.९, आयएसओ ४००. यात आई, समई, मखर सगळेच दुहेरी दिसते. समईची ज्योत तिरपी ओढल्यासारखी आहे, आणि गंमत म्हणजे मागच्या पितळी घागरीवर दिव्याचा जो ठिपका चमकतो, त्याचीही तेवढ्याच लांबीची आणि तशीच तिरपी रेघ झाली आहे.

दुसरा आरतीचा, झूम न करता. १/२०, एफ ३.३, आयएसओ ४००. मुखवट्यांच्या नथीतले मोती मोजून घ्यावेत इतके स्पष्ट आहेत. भाऊ मात्र धुरातून आल्यासारखा, आणि त्याचा उजवा हात जवळजवळ नाहीच.

तिसरा फ्लॅशचा आहे. आई खुर्चीवर बसलेली आणि मी समोरच्या भिंतीला पाठ टेकून झूम केलेले. १/६०, एफ ५.९, आयएसओ ४००. यात काहीच ओढल्यासारखे नाही, तरी आईचा चेहरा लोण्यासारखा मऊ आला आहे आणि तिच्या मागे चार-पाच फुटांवर असलेल्या पडद्यावरची वेलबुट्टी कोरल्यासारखी.

आणखी एक लक्षात आले. बाकीचेही पाच-दहा फोटो उघडून पाहिले, पण आयएसओचा आकडा कुठेच ४०० च्या पुढे गेलेला नाही.

धरमपेठकर

ताई, घागरीवरच्या ठिपक्याने निम्मे काम केले. फोटोतला प्रत्येक प्रकाशबिंदू एकाच दिशेने आणि सारख्याच लांबीने ओढला गेला असेल, तर हलला तो कॅमेरा. घागर काही जागची हलत नाही. दुसऱ्या फोटोत मोती स्थिर आहेत, म्हणजे तुमचा हात स्थिर होता आणि हलला तो भाऊ. तिसऱ्यात कोणीच हलले नाही, फक्त कॅमेऱ्याने आईऐवजी पडद्यावर फोकस धरला. एकाच दिवशी, एकाच घरात तीन निरनिराळी दुखणी झाली आहेत, आणि त्यांतल्या दोहोंचे मूळ एकच आहे. ते म्हणजे झूम.

हे कसे, ते जरा सविस्तर लिहितो. तुमच्या कॅमेऱ्याचे छिद्र झूम न करता एफ ३.३ असते आणि पूर्ण झूम केल्यावर ५.९ होते. या दोन आकड्यांच्या वर्गांचे गुणोत्तर काढले तर झूम केल्यावर आत येणारा प्रकाश तिपटीहूनही कमी होतो. म्हणजे दारात उभे राहून झूम करण्याऐवजी चार पावले पुढे जाऊन झूम मागे घेतले असते, तर त्याच उजेडात १/८ ऐवजी साधारण १/२५ मिळाले असते. दुसरी गोष्ट अशी की झूम जसे चित्र मोठे करते, तशी हाताची थरथरही मोठी करते. फिल्मच्या काळापासून एक अंदाज चालत आला आहे: ३५ मिलिमीटर फिल्मच्या हिशेबाने भिंगाचे नाभीय अंतर (फोकल लेंग्थ) जितके मिलिमीटर, सेकंदाच्या तितक्याव्या भागाएवढा किंवा त्याहून लहान शटरवेळ हातात धरून पेलतो. तुमचे भिंग रुंद बाजूला, म्हणजे झूम न करता, २८ च्या आसपास असेल, तेव्हा तिथे १/३० पुरते. पाच पट झूमवर तेच १४० होते आणि १/१४० हवे. कॅमेऱ्यात स्थिरीकरण, म्हणजे हाताची थरथर भरून काढणारी सोय, असेल तर १/३० पर्यंत निभावते. १/८ वर तेही हात टेकते.

तिसऱ्या फोटोच्या बाबतीत छोट्या कॅमेऱ्याचा एक गुण पुष्कळांना माहीत नसतो. त्याचा सेन्सर बहुधा करंगळीच्या नखाएवढा, सुमारे ६ मिलिमीटर रुंद असतो आणि भिंगही त्याच मानाने बारके असते, त्यामुळे झूम न करता सुमारे मीटरभर अंतरापासून थेट मागच्या भिंतीपर्यंत जवळजवळ सगळे एकाच वेळी स्पष्ट येते. तिथे फोकस पडद्यावर गेला असता, तरी आई स्पष्टच आली असती. झूम केल्यावर मात्र हा पट्टा आक्रसतो आणि चार-पाच फुटांची चूक लगेच डोळ्यांवर येते. फ्लॅशचा लखलखाट सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपासच टिकतो, म्हणून त्या फोटोत हात हलल्याची खूण नाही, एवढाच काय तो फायदा झाला.

आयएसओचे तुम्ही अचूक पकडले. पुष्कळ छोट्या कॅमेऱ्यांत ऑटोला वरची मर्यादा घालून दिलेली असते. मेनूत ती वाढवता येते का पाहा, नाहीतर ऑटो सोडून 'पी' वर जा (तिथे शटर आणि छिद्र कॅमेराच ठरवतो, पण आयएसओ आपल्याला लावता येतो) आणि आयएसओ स्वतः १६०० लावा. चारशेचे सोळाशे म्हणजे चौपट, त्यामुळे आरतीच्या फोटोचे १/२० चे १/८० होते, आणि तेवढ्यात ओवाळणारा हात अगदी कापल्यासारखा नाही, तरी ओळखू येण्याइतका थांबतो. लहान मुले धावत असतील तर १/१२५ हून मंद शटरवर समाधान मानू नका. १६०० वर चित्रात दाणे दिसतील आणि ते घालवण्याच्या नादात कॅमेरा चेहरा थोडा सारवल्यासारखा करील. संगणकावर शंभर टक्के मोठे करून पाहिले तर मन खट्टू होईल, म्हणून तसे पाहूच नका. ४ बाय ६ इंचांच्या छापील फोटोला २० लाखांहून थोडेच जास्त पिक्सेल लागतात, तुमच्याजवळ एक कोटी २० लाख आहेत. छापताना दाणे एकमेकांत मिसळून जातात. दाणेदार फोटो अल्बममध्ये लावता येतो, हललेला लावता येत नाही.

मंडपातला फोटोवाला

वरच्या उत्तरातले गणित बिनचूक आहे, पण माझे एका गोष्टीवर दुमत आहे आणि एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे.

दुमत झूमवर. मी गेली बावीस वर्षे साक्षगंधे, लग्ने आणि बारशी टिपतो आहे. झूम अजिबात नको म्हणून माणूस हातभर अंतरावर जाऊन उभा राहिला, की रुंद भिंगात नाक फुगते, कान मागे पळतात आणि कडेच्या माणसाचे डोके भोपळ्यासारखे लांबते. आईचा असा फोटो काढाल तर त्या आयुष्यभर टोमणे मारतील. तेव्हा पाच-सहा फुटांच्या आत जाऊ नका, चेहरा चौकटीच्या मध्याजवळ ठेवा आणि नको असलेला भाग नंतर कापून टाका; बारा मेगापिक्सेलमधला अर्धा भाग कापला तरी छपाईला पुरून उरतो. हे केले की धरमपेठकरांच्या म्हणण्याला माझी हरकत राहत नाही.

राहून गेलेली गोष्ट म्हणजे उजेड. कॅमेऱ्याचे आकडे फिरवून चौपट कमाई होते, पण जागा बदलून पन्नासपट होऊ शकते. वैशाखातल्या भर उन्हात सुमारे १,००,००० लक्स (जागेवर पडणाऱ्या उजेडाचे माप) उजेड असतो, आणि एका नळीच्या दिव्यावर चालणाऱ्या खोलीत शंभर-दोनशे. आपला डोळा हा फरक सहज पचवतो, म्हणून खोली आपल्याला उजळ वाटते आणि कॅमेरा मात्र चाचपडतो. तुम्ही विचारले होते की बाहेर चांगला चालणारा कॅमेरा आत का बिघडतो. हजारपट प्रकाश काढून घेतला तर बिचारा करील काय? वाड्याला चौक असेल, निदान ओसरी तरी असेल. ओसरीच्या सावलीत सकाळी नऊला हजाराच्या वर लक्स मिळतातच. आपल्याकडे वैशाखात दहानंतर खिडक्या लावून घेतात, खसाच्या ताट्या सोडतात आणि घर गुहेसारखे करून टाकतात, तेव्हा औक्षण आधी, उन्हे चढण्यापूर्वी उरकून घ्या आणि होमहवन मागाहून आत चालू द्या. गुरुजींना मुहूर्ताचे विचारा. ते नाही म्हणत नाहीत, असा माझा अनुभव आहे. आईंना उजेडाकडे तोंड करून बसवा. पाठीमागे खिडकी ठेवलीत तर कॅमेरा खिडकीचा उजेड मोजेल आणि चेहरा काळा करील.

माजघरातच करायचे असेल तर दिवे वाढवा. २० वॅटची एलईडी नळी सुमारे २,००० लुमेन (दिव्यातून निघणाऱ्या एकूण उजेडाचे माप) देते. तशा दोन नळ्या पांढऱ्या छताकडे तोंड करून बांधल्या की उजेड छतावरून झिरपल्यासारखा खाली येतो आणि डोळ्यांखाली सावल्या पडत नाहीत. पिवळा बल्ब आणि पांढरी नळी एकत्र लावू नका, अर्धा चेहरा हळदीचा दिसतो. जुनी, जड चोकची नळी असेल तर तीही बदला. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून ती नळी सेकंदाला १०० वेळा लवते आणि शटर १/१०० हून जलद ठेवले की एक फोटो उजळ, दुसरा काळपट असा खेळ सुरू होतो. बदलता आली नाही तर शटर १/१०० किंवा १/५० वर राहील असे पाहा.

फ्लॅशबद्दल थोडक्यात. अंतर दुप्पट झाले की त्याचा उजेड चौथाईवर येतो, आणि छोट्या कॅमेऱ्याचा फ्लॅश झूम न करता जेमतेम दहा-बारा फूट पोचतो. पंचवीस माणसांचा समूह माजघराच्या दुसऱ्या टोकाशी उभा करून फ्लॅश मारलात तर पुढची रांग भुतासारखी पांढरी आणि मागची गडप होईल. औक्षणाला तो बंदच ठेवा, कारण त्याच्या झोतात तबकातल्या ज्योतींचा सगळा सोनेरीपणा मरतो. आईंना चष्मा असेल तर काचेत फ्लॅशचा गोळा उमटतो तो वेगळाच. मान किंचित खाली करायला सांगितली की तो निघून जातो. लाल डोळे टाळण्याची सोय चालू असेल तर खऱ्या फ्लॅशच्या आधी एक-दोन वेळा दिवा लुकलुकतो, माणसांना फोटो झाला असे वाटते आणि ती हलतात. समूहाला आधी सांगून ठेवा, किंवा ती सोय बंद करा.

आता स्वतःची फजिती सांगतो, कारण तिचा तुम्हाला उपयोग आहे. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात सक्करदऱ्याकडे एका घरी बारसे होते. तिपाई गाडीत राहिली होती, म्हणून खिडकीतल्या पत्र्याच्या कूलरवर छोटा कॅमेरा ठेवून सेल्फ टायमरने घरातल्या सगळ्यांचे बारा फोटो घेतले. पक्की जागा, हात लागण्याचा प्रश्न नाही, मीही चौकटीत जाऊन हसत उभा राहिलो. घरी येऊन पाहतो तो बाराच्या बारा फोटोंत पाळण्यावरचा प्रत्येक मणी दोन-दोन! कूलरचा पंखा आणि पंप चालू होता आणि पत्रा थरथरत होता, हे घामाच्या धारांत माझ्या लक्षातच आले नाही. तेव्हापासून कॅमेरा टेकवण्याआधी त्या जागेवर तळहात ठेवून पाहतो.

इतवारीची सून

दोघांनीही मोठ्या गोष्टी सांगितल्या आहेत; मी घरातल्या घरात जमणाऱ्या सांगते. आमच्याकडे चार वर्षांचे एक वादळ आहे आणि त्याचे बहुतेक फोटो मी अशाच छोट्या कॅमेऱ्यावर काढले आहेत.

कॅमेरा दोन्ही हातांनी धरून पडद्यात पाहताना आपले हात नकळत पुढे पसरतात. कोपर बरगड्यांना चिकटवले आणि दाराच्या चौकटीला खांदा टेकवला, तर थरथर निम्म्याने कमी झाल्यासारखी वाटते. बटण ठोसा मारल्यासारखे दाबायचे नाही. श्वास अर्धा सोडून हळूच. याहून चांगला आधार हवा असेल तर पाव इंची बोल्ट हार्डवेअरच्या दुकानातून आणा, इंचाला २० आट्यांचा सांगा, म्हणजे तो कॅमेऱ्याच्या तळाच्या भोकात बरोबर बसतो. दोनतीन आटे बसले की पुरे, फार आवळू नका. त्याला सुतळी बांधून तिचे दुसरे टोक पायाखाली दाबायचे आणि कॅमेरा वर ताणून धरायचा. दिसते वेड्यासारखे, पण वर-खाली होणारे हलणे यात चांगलेच आवळले जाते. टेबलावर ठेवायचा असेल तर किलोभर तांदळाची कापडी पिशवी घ्या; तिच्यात खळगा करून कॅमेरा बसवला की हव्या त्या कोनात राहतो. बटण दाबतानाचा धक्कासुद्धा नको म्हणून टायमर दोन सेकंदांवर ठेवते. मात्र हे सगळे हाताच्या थरथरीपुरते. आमच्या वादळावर ना सुतळी चालते ना पिशवी. तिथे धरमपेठकरांनी सांगितलेले जलद शटरच लागते.

फोकसचे असे आहे की कॅमेऱ्याला पकडायला काहीतरी कड लागते. पांढऱ्या भिंतीवर किंवा साध्या पातळावर रोखला तर तो मागेपुढे करत बसतो. ताई, तुमच्या आईंच्या लुगड्याचे काठ, कुंकू किंवा चष्म्याची काळी दांडी चौकटीच्या मध्यावर धरा, बटण अर्धे दाबून हिरवी चौकट येईपर्यंत थांबा, बोट तसेच ठेवून कॅमेरा हवा तिकडे वळवा आणि मग पूर्ण दाबा. अनेक बिंदूंचा फोकस बंद करून एकट्या मध्यबिंदूवर ठेवणे मला जास्त भरवशाचे वाटते. अर्धे दाबून ठेवण्याचा दुसरा लाभ म्हणजे पूर्ण दाबल्यावर लगेच फोटो निघतो, नाहीतर छोटे कॅमेरे एवढा वेळ लावतात की हसू मावळून जाते.

औक्षणात प्रत्येक सवाष्ण ओवाळून झाल्यावर तबक क्षणभर समोर धरते. पहिल्या दोघी ओवाळतील तेव्हा नुसते पाहा, लय लक्षात येते. मग सलग फोटोंची सोय लावून त्या क्षणाच्या जरा आधीपासून चार-पाच घ्या. त्यांतला एक तरी स्थिर येतोच. पहिला फोटो बटणाच्या धक्क्याने अनेकदा वाया जातो, दुसरा-तिसरा बरा असतो.

वाड्यातली लेक

तुम्हा तिघांचे मनापासून आभार. रविवारी रंगीत तालीम केली. आईला खोटे कारण सांगून नऊवारी नेसवली, वहिनीच्या हातात तबक दिले आणि भाच्याला मुद्दाम मधे नाचू दिले.

माजघरात दोन एलईडी नळ्या छताकडे तोंड करून बांधल्या, आयएसओ १६०० लावले, झूम केले नाही आणि सहा फुटांवर उभी राहिले. १/१२५ मिळाले! वहिनीचा हात, तबकातले दिवे, बांगड्या सगळे जागच्या जागी आहे. चेहऱ्यावर दाणे आहेत, पण दोन फोटो छापून आणले तर ते शोधूनही सापडेनात. मग सकाळी सव्वानऊला ओसरीवर तोच प्रसंग पुन्हा केला. तिथे आयएसओ ४०० वरच १/१६० आले आणि आईच्या गालावरची सुरकुतीन् सुरकुती दिसते. हे आकडे भावाला दाखवल्यावर औक्षण ओसरीवर करायचे ठरले. ओसरी म्हणजे घरच की, असे म्हणून आईनेही मान्य केले. सुतळीचा प्रयोग मात्र मला जमला नाही, दोनदा पाय निसटला. तांदळाची पिशवी समूहाच्या फोटोसाठी ठेवली आहे. कूलरवर तळहात ठेवून पाहिला आणि फोटोवाल्या दादांची आठवण झाली.

एक कोडे उरले आहे. तालमीतले शेवटचे आठ-दहा फोटो हललेले नाहीत आणि फोकसही चष्म्यावरच आहे, तरी प्रत्येक दिव्याभोवती दुधाळ वलय आहे आणि सगळे चित्र पातळ ताकासारखे दिसते. आकडे आधीच्या फोटोंचेच आहेत. हे काय असावे?

धरमपेठकर

मधल्या काळात कॅमेरा भाच्याच्या हातात गेला होता का? भिंगाच्या पुढच्या काचेवर तेलकट बोट लागले की दिव्यांचा उजेड त्या डागावर पसरतो आणि तुम्ही लिहिले तसेच वलय येते. कॅमेरा उजेडात तिरपा धरून पाहा, ठसा दिसेल. आधी मऊ ब्रशने किंवा फुंकरीने धूळ उडवा, मग काचेवर हलकी वाफ सोडून धुतलेल्या मऊ सुती कापडाने मध्यापासून कडेकडे गोल पुसा. पदराने पुसू नका, जरीचा एक धागासुद्धा काचेवर ओरखडा काढतो.

वाड्यातली लेक

होय, हातात चिवडा होता. ठसा अगदी अंगठ्याएवढा आहे. पुसून पुन्हा एक फोटो काढला, वलय गेले.